अमेरिकेचं संविधान मोबाइलवर: तीन मोफत सेवांचं परीक्षण

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात मिळणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये अमेरिकेचं संविधान एका पानात आटोपतं. डावीकडे भारत, उजवीकडे अमेरिका. संसदीय–अध्यक्षीय, एकेरी नागरिकत्व–दुहेरी नागरिकत्व, लवचीक–ताठर, संपलं. पूर्वपरीक्षेला तेवढं पुरतं. पण यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययन पेपर 2 मध्ये भारतीय घटनात्मक योजनेची इतर देशांशी तुलना हा मुद्दा थेट अभ्यासक्रमातच आहे, आणि एलएलबीला मूलभूत हक्क शिकताना दर चार पानांआड एखादा अमेरिकी खटला आडवा येतो. तिथे हा तक्ता उघडा पडतो. मुळात त्या देशाचं संविधान अगदी आटोपशीर आहे: 7 आर्टिकल, 27 दुरुस्त्या, 1787 चा मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास. तिथली लोकशाही प्रत्यक्षात कशी चालते, कुणाच्या मताला किती वजन, मतदारसंघ कोण आखतो, राष्ट्राध्यक्षाला कोण अडवू शकतं, याची उत्तरं त्या मजकुरात थोडी आणि सव्वादोनशे वर्षांच्या निवाड्यांत जास्त आहेत.

ते निवाडे समजून घ्यायला आता नागपूर-अमरावतीच्या ग्रंथालयात खेटे घालायची गरज राहिलेली नाही. तीन सेवा मोबाइलवर फुकट मिळतात: ‘कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड’, ‘इंटरॲक्टिव्ह कॉन्स्टिट्यूशन’ आणि ‘ओयेझ’. वाचायला खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. दिग्रस, आरमोरी, तुमसरसारख्या ठिकाणी अभ्यासिकेत बसणाऱ्याला त्यांचा नेमका उपयोग किती, आणि कुठे फसायला होतं, एवढंच इथे पाहायचं आहे. तिन्ही इंग्रजीत आहेत, मराठीची सोय कुठेच नाही. मोबाइलच्या आपोआप अनुवादावर विसंबू नका. कायद्याच्या मजकुराचं तो पार भजं करतो.

एकच निवडायची असेल तर डोळे झाकून ‘कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड’ घ्या. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातला संशोधन विभाग, म्हणजे काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस, हे काम करतो. संसद सदस्यांना कायद्याची माहिती देणं हा या विभागाचा रोजचा धंदा. छापील ग्रंथ 1913 पासून निघतो आणि आज तो अडीच हजार पानांच्या पुढे गेला आहे. शोधता येईल अशी वेबसाइट सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली. संविधानाचं एकेक वाक्य घ्यायचं, ते कुठून आलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कधी काय लावला, कधी फिरवला, हे छोट्या-छोट्या निबंधांत मांडायचं, अशी रचना. प्रत्येक विधानाला तळटीप, तळटिपेत निवाड्याचा पूर्ण पत्ता. गाइड छापणारे ज्या गोष्टीत सर्वांत जास्त हात आखडतात, ती म्हणजे संदर्भ, आणि इथे तोच सगळ्यात भक्कम आहे.

लिहिणारे सरकारी नोकर आहेत आणि दोन्ही पक्षांच्या खासदारांना बांधील आहेत, त्यामुळे सूर कोरडा. राष्ट्राध्यक्षाला पदाच्या कामासाठी फौजदारी खटल्यापासून कितपत संरक्षण, यावरचा 2024 चा ‘ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा निवाडा घ्या. बहुमताने काय म्हटलं, विरोधी मतात काय आहे, हे नीट मिळेल. निवाडा बरोबर की चूक, हे मिळणार नाही. परीक्षार्थीला हा गुणच वाटावा. ज्याला मुळात भांडण कशाचं आहे तेच माहीत नाही, त्याला मात्र वाचून थंडपणाच येतो. त्याचा उपाय दुसऱ्या सेवेत आहे.

आता मुख्य अडचण. हा ग्रंथ कलमवार लावलेला आहे आणि लोकशाही नावाचं कलम अमेरिकेच्या संविधानात नाहीच. आपल्याकडे निवडणुकांचा भाग 15 वेगळा आहे, अनुच्छेद 324 ने निवडणूक आयोग दिला आहे. तिकडे असा केंद्रीय आयोग संविधानात नाही. आर्टिकल 1 चं सेक्शन 4 सांगतं की संसदेच्या निवडणुकांची वेळ, जागा, पद्धत राज्यांची विधिमंडळं ठरवतील आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, त्यात बदल करता येईल. बाकी सगळं विखुरलेलं. म्हणून जो माणूस मुखपृष्ठावर जाऊन शोधचौकटीत ‘डेमॉक्रसी’ टाकतो, त्याच्या पदरी निबंधांचा ढीग पडतो आणि वाट सापडत नाही. वाट आपणच आखावी लागते. ती कशी आखायची, हे मतदारसंघांच्या एका विषयावर दाखवतो. बाकीचे विषय याच पद्धतीने काढता येतील.

मतदारसंघ कसे आखायचे, हा प्रश्न या ग्रंथात किमान तीन जागी आहे. पहिली जागा आर्टिकल 3, म्हणजे न्यायालयांचं आर्टिकल. तिथे ‘राजकीय प्रश्न’ या सिद्धांताचे निबंध उघडा: काही वाद राजकीय शाखांनीच सोडवायचे, न्यायालयाने त्यात पडायचं नाही, असं तो सिद्धांत सांगतो. 1946 च्या ‘कोलग्रोव्ह विरुद्ध ग्रीन’मध्ये न्या. फ्रँकफर्टर यांनी मतदारसंघांच्या राजकीय काटेरी झुडपात न्यायालयाने शिरू नये अशी भूमिका घेतली. मग 1962 ला ‘बेकर विरुद्ध कार’ आला. टेनेसी राज्याने 1901 नंतर विधिमंडळाच्या जागांचं फेरवाटपच केलं नव्हतं. साठ वर्षांत लोक शहरात गेले, जागा मात्र जुन्याच गावांकडे राहिल्या. न्यायालय म्हणालं, हा वाद आम्ही ऐकू शकतो. एवढंच म्हणालं. नेमका निकष काय, हे त्या निवाड्यात शोधत बसू नका, सापडायचा नाही.

निकषासाठी दुसरी जागा: आर्टिकल 1, सेक्शन 2. इथे 1964 चा ‘वेस्बरी विरुद्ध सँडर्स’ आहे. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ शक्य तितके सारख्या लोकसंख्येचे हवेत, असं त्यात ठरलं. आणि तिसरी जागा चौदावी दुरुस्ती, सेक्शन 1, समान संरक्षणाचं वाक्य. तिथे त्याच वर्षीचा ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’: राज्यांच्या विधिमंडळांची दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्याच आधारावर. एक माणूस, एक मत हे सूत्र विद्यार्थी एकाच खटल्याच्या नावावर खपवतात. हे दोन निवाडे, दोन वेगळी कलमं आणि दोन वेगळ्या पातळ्या (एकीकडे काँग्रेस, दुसरीकडे राज्यांची विधिमंडळं) आहेत, हे या तीन जागा ओळीने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. मग पुन्हा आर्टिकल 3 कडे परत या, कारण 2019 चा ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ तिथेच आहे. लोकसंख्या सारखी ठेवून, पण आपल्या पक्षाला फायदा होईल अशा वाकड्यातिकड्या रेषा मारल्या तर? नॉर्थ कॅरोलिनात 13 पैकी 10 जागा एका पक्षाला मिळाव्यात असा नकाशा होता, मेरीलँडमध्ये दुसऱ्या पक्षाने तेच केलं होतं. दोन्ही एकत्र ऐकून न्यायालयाने 5 विरुद्ध 4 असा निर्णय दिला: पक्षीय फायद्याची आखणी हा फेडरल (केंद्रीय) न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नाही. बेकरने उघडलेलं दार सरसकट बंद झालं असं नाही. वंशाच्या आधारे केलेली आखणी अजूनही न्यायालयात येते, लोकसंख्येतली तफावतही येते. पण पक्षाच्या नावाने मारलेली रेष येत नाही.

झेडपीचे गट आणि पंचायत समितीचे गण आखले जातात तेव्हा आपलं गाव कोणत्या गटात टाकलं यावरून पारावर जे चालतं, त्याच्याशी हे ताडून पाहा, खटला चटकन कळतो. फरक एवढाच की आपल्याकडे प्रारूप रचनेवर हरकती-सुनावणी होते आणि नंतर न्यायालयाचा रस्ता संविधानानेच अरुंद केला आहे: लोकसभा-विधानसभेसाठी अनुच्छेद 329, पंचायतींसाठी 243-ओ. म्हणजे अमेरिकेत न्यायालयाने 2019 ला स्वतःहून जो हात काढून घेतला, तो आपल्या घटनाकारांनी लोकसभा-विधानसभांबाबत सुरुवातीलाच बांधून ठेवला होता. मुख्य परीक्षेच्या उत्तरात ही एक ओळ तक्त्यातल्या दहा ओळींना भारी पडेल. हवं तर त्यापुढे जोडा की राज्याराज्यांतलं लोकसभेच्या जागांचं वाटप 42 व्या आणि 84 व्या दुरुस्तीने 1971 च्या जनगणनेवर गोठवलं, त्यामुळे वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकसभा मतदारसंघांची लोकसंख्या आपल्याकडे सारखी राहिलेली नाही.

इथे एक सापळा. विद्यार्थी लिहून मोकळे होतात की अमेरिकेत प्रत्येक मताची किंमत सारखी. पण सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला 2 जागा. 2020 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळपास 3 कोटी 95 लाख, वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास. दोघांनाही दोनच. रेनॉल्ड्सचा निकष सिनेटला लागू होत नाही, कारण ही विषमता संविधानाच्या मजकुरातच आहे, आणि आर्टिकल 5 सांगतं की कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीशिवाय काढता येणार नाही. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला 19 आणि उत्तर प्रदेशला 31, म्हणजे मुळात वेगळंच तत्त्व. सिनेटचं वजन पुढे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही उतरतं, कारण प्रत्येक राज्याच्या इलेक्टरांची (राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्यांची) संख्या म्हणजे कनिष्ठ सभागृहातले त्याचे प्रतिनिधी अधिक 2 सिनेटर. राजधानी वॉशिंग्टनचे 3 धरून एकूण 538, बहुमत 270. हे वाचायला आर्टिकल 2 चं सेक्शन 1 आणि बारावी दुरुस्ती एकत्र उघडा. इलेक्टरने राज्याच्या कौलाविरुद्ध मत दिलं तर राज्य त्याला शिक्षा करू शकतं, हे 2020 च्या ‘चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन’ने ठरवलं.

मतदानाच्या हक्काची साखळी याहून सोपी आहे, फक्त दुरुस्त्या क्रमाने घ्यायच्या: पंधरावी 1870 (वंशावरून मत नाकारायचं नाही), सतरावी 1913 (सिनेटरची थेट निवड), एकोणिसावी 1920 (स्त्रियांचं मत), चोविसावी 1964 (मतदानासाठी कर नको), सव्विसावी 1971 (वय 18). पंधरावीच्या निबंधांत 2013 चा ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ नक्की वाचा, नाहीतर 1965 च्या मतदान हक्क कायद्याबद्दल जुनंच लिहाल. काही राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, असं त्या कायद्यात होतं. कोणती राज्यं, हे ठरवणारं सूत्रच त्या निवाड्याने रद्द केलं आणि ती अट निष्प्रभ झाली. निवडणुकीतल्या पैशाचा विषय मात्र पहिल्या दुरुस्तीत, भाषणस्वातंत्र्याखाली सापडतो. ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ 1976 आणि ‘सिटिझन्स युनायटेड’ 2010. पहिल्यांदा शोधणारा तो तिथे शोधणार नाही, हे उघड आहे.

सगळ्यात उपयोगी भाग कोणता विचाराल, तर निबंधही नव्हेत, मागचे तक्ते. एक तक्ता सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच उलटवलेल्या निवाड्यांचा; त्यात दोनशेहून अधिक नोंदी आहेत. 1896 चा वंशभेदाला मान्यता देणारा ‘प्लेसी’ आणि शाळांतला वंशभेद संपवणारा 1954 चा ‘ब्राउन’ सगळ्यांना पाठ असतात. पण 1973 चा गर्भपाताच्या हक्काचा ‘रो’ 2022 च्या ‘डॉब्स’ने गेला, हे अनेक जुन्या नोट्समध्ये अजूनही नाही. कोणताही अमेरिकी खटला उत्तरात लिहिण्याआधी या तक्त्यात त्याचं नाव टाकून पाहण्याची सवय लावा. मिनिटभराचं काम आहे. दुसरा तक्ता रद्द ठरवलेल्या कायद्यांचा: केंद्राचे वेगळे, राज्यांचे वेगळे. त्याचं पहिलं पान ज्युडिशिअल रिव्ह्यू, म्हणजे संविधानाविरुद्धचा कायदा रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार, समजायला पुरेसं आहे. 1803 ला ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’मध्ये संसदेच्या कायद्यातलं एक कलम रद्द झालं आणि त्यानंतर थेट 1857 ला ‘ड्रेड स्कॉट’. मधली 54 वर्षं काही नाही. म्हणजे जो अधिकार संविधानाच्या मजकुरात शब्दाने लिहिलेला नाही, तो न्यायालयाने मिळवला आणि अर्धं शतक संसदेविरुद्ध वापरला नाही. वापरला तेव्हा गुलामगिरीच्या बाजूने वापरला. आपल्याकडे अनुच्छेद 13, 32 आणि 226 असल्यामुळे हा अधिकार न्यायालयाला कमवावा लागला नाही. ‘मार्बरीने ज्युडिशिअल रिव्ह्यू सुरू केला’ एवढं पाठ करणाऱ्याला ही मेख कधीच दिसत नाही.

भारताच्या बाजूने सर्वांत फायद्याचं वाचन चौदाव्या दुरुस्तीतल्या ड्यू प्रोसेसचं, म्हणजे योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता घ्यायची नाही या वाक्याचं. 1905 च्या ‘लॉकनर’मध्ये न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांना आठवड्याला 60 तासांची मर्यादा घालणारा कायदा करारस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द झाला, 1937 ला ‘वेस्ट कोस्ट हॉटेल’ने तो काळ संपला. हा इतिहास डोक्यात ठेवून आपल्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिकेत जाऊन फ्रँकफर्टर यांना भेटले होते हे आठवा (झुडपात शिरू नका म्हणणारे तेच). न्यायाधीशांच्या हातात एवढं हत्यार देऊ नका, हा त्यांचा सल्ला. त्यानंतर आपल्या अनुच्छेद 21 मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली, आणि 1978 च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या न्यायालयाने व्याख्येच्या मागच्या दाराने ड्यू प्रोसेस घरात घेतलं. भारताची बाजू ॲनोटेटेडमध्ये अर्थातच नाही, पण तिची अर्धी कारणं तिथेच आहेत.

उणिवा. पहिली मोठी: ही सेवा फक्त केंद्रीय संविधानाची आहे. 50 राज्यांची 50 संविधानं वेगळी आहेत आणि लोकशाहीची बरीच यंत्रणा, जसं की जनतेने सह्या गोळा करून थेट कायदा मतदानाला टाकणं, तिथे आहे. रूचोनंतर मतदारसंघांची भांडणं राज्यांच्या न्यायालयांकडे वळली, ती इथे तुटक दिसतात. दुसरी: नवा निवाडा आला की निबंधात उतरायला वेळ लागतो, म्हणून निबंधावरच्या तारखेकडे लक्ष ठेवा. तिसरी उणीव ऑगस्ट 2025 मध्ये जगाला दिसली. आर्टिकल 1 च्या सेक्शन 8 चा काही भाग आणि सेक्शन 9 व 10 वेबसाइटवरून गायब झाले होते. त्यात हेबिअस कॉर्पसचं (बेकायदा कैदेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचं) वाक्यही होतं, त्यामुळे बोंबाबोंब झाली. कोडमधली चूक असं ग्रंथालयाने सांगितलं आणि मजकूर परत आला. कारण साधं असलं तरी धडा पक्का घ्या: संविधानाचा मूळ मजकूर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जवरून एकदा उतरवून घ्या, प्रिंट काढून अभ्यासिकेत ठेवा, आणि ॲनोटेटेड हे भाष्य म्हणून वापरा.

‘इंटरॲक्टिव्ह कॉन्स्टिट्यूशन’ फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरचं. याची खुबी एकच, पण जोरदार. प्रत्येक महत्त्वाच्या कलमावर भिन्न विचारांचे दोन अभ्यासक आधी एकत्र निबंध लिहितात, त्यात दोघांना मान्य असलेलंच येतं. मग प्रत्येक जण आपापला वेगळा निबंध लिहितो. अभ्यासक निवडताना उजव्या बाजूची फेडरलिस्ट सोसायटी आणि डाव्या बाजूची अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन सोसायटी या दोघींचा सल्ला घेतला गेला. ॲनोटेटेडचा थंडपणा इथे भरून निघतो: दुसऱ्या दुरुस्तीतला बंदुकीचा हक्क किंवा चौदावीतलं समान संरक्षण घ्या, दोन निबंध शेजारी ठेवले की कोण कुठल्या वाक्यावर जोर देतो ते लगेच कळतं. निबंध आखूड आहेत, मोबाइलवर बसमध्येही वाचून होतात. तोटा असा की प्रत्येक वाद दोनच बाजूंचा असल्यासारखा वाटतो. ॲनोटेटेडच्या प्रास्ताविकात अर्थ लावण्याच्या आठ पद्धती दिल्या आहेत: शब्दार्थ, मूळ अर्थ, पूर्वनिवाडे, व्यावहारिक परिणाम, नैतिक युक्तिवाद, राष्ट्रीय ओळख, संविधानाची रचना, आणि ऐतिहासिक प्रथा. त्या आठ डोक्यात ठेवून दोन निबंध वाचा, म्हणजे कुणी कोणती पद्धत सोयीने बाजूला टाकली ते पकडता येतं. निवाड्यांचे पत्ते इथे विरळ आहेत, त्यामुळे उत्तरात संदर्भ देताना ही सेवा कामाची नाही. माझ्या लेखी पाचपैकी साडेतीन, ॲनोटेटेडला साडेचार.

‘ओयेझ’ म्हणजे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावण्यांचा आवाज. 1955 च्या ऑक्टोबरपासून तिथे युक्तिवाद ध्वनिमुद्रित होतात, आणि इथे आवाजासोबत शब्दशः मजकूर पडद्यावर सरकत जातो. ‘ब्राउन’चा आवाज शोधू नका, तो 1954 चा, मुद्रण सुरू होण्याआधीचा. इंग्रजी कानावर बसलेली नसेल तर सुरुवात ‘गिडियन विरुद्ध वेनराइट’ (1963) पासून करा. फ्लोरिडाच्या तुरुंगातून कैद्याने हाताने लिहून पाठवलेला अर्ज, प्रश्न एकच: वकील करायची ऐपत नसलेल्याला सरकारने वकील द्यायचा की नाही? तालुका विधी सेवा समितीत मोफत वकिलासाठी अर्ज करणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला संदर्भ समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे याचा आधार अनुच्छेद 39-अ, 1979 चा हुसैनारा खातून खटला आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा.

ऐकण्याची पद्धत अशी. आधी पानावरचं ‘घटना’ आणि ‘प्रश्न’ वाचा, ‘निष्कर्ष’ झाकून ठेवा. दाद मागणारा वकील आधी बोलतो, मग समोरचा, शेवटी पहिल्याला थोडा प्रत्युत्तराचा वेळ. साधारण प्रत्येकी अर्धा तास. न्यायाधीश वाक्यागणिक तोडतात; 2019 पासून सुरुवातीची दोन मिनिटं न तोडण्याचा दंडक आला, म्हणून अलीकडच्या सुनावणीतली पहिली दोन मिनिटं म्हणजे त्या वकिलाच्या केसचं सार समजा. अर्धं ऐकून झाल्यावर कोण जिंकेल याचा अंदाज कागदावर लिहा आणि मग निष्कर्ष उघडा. पानावर कोणत्या न्यायाधीशाने कुठे मत दिलं तेही दिसतं. जुन्या मुद्रणात खरखर आहे. कॅमेरा मात्र त्या न्यायालयात आजही नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय घटनापीठाच्या सुनावण्या 27 सप्टेंबर 2022 पासून थेट दाखवतं, त्या बाबतीत आपण पुढे आहोत, हे लिहायला हरकत नाही.

ओयेझची सर्वांत जास्त होणारी चूक: त्यावरचा चार ओळींचा निष्कर्ष म्हणजे निवाडा, असं समजून उतरवणं. ते संपादकांनी केलेलं सार आहे. बहुमताचा आधार कोणता, सहमतीच्या वेगळ्या मतात काय, हे त्यात मावत नाही. बहुमतातल्या काही न्यायाधीशांची कारणं वेगळी असली तरी सारात एकच वाक्य दिसेल.

आता पत्त्याबद्दल, कारण तिन्ही सेवा वापरताना तो लागतोच. ‘347 यू.एस. 483 (1954)’ म्हणजे सरकारी निवाडासंग्रहाचा खंड 347, पान 483, साल 1954: ब्राउन. आपल्याकडचं ‘एआयआर 1973 एससी 1461’, म्हणजे केशवानंद भारती, वाचता येत असेल तर हे जड नाही. फक्त आपल्या पद्धतीत साल आधी आणि तिकडे शेवटी. चॅटबॉटने दिलेला खटला असेल तर हा पत्ता ॲनोटेटेडच्या तळटिपांत किंवा खटल्यांच्या तक्त्यात मिळतो का ते पाहिल्याशिवाय वापरूच नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दोन वकिलांनी चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड बसला. परीक्षेत दंड बसत नाही, गुण मात्र जातात.

अभ्यासिकेसाठी व्यवस्था करायची तर पूर्ण ॲनोटेटेड छापायच्या भानगडीत पडू नका, कागद आणि पैसा दोन्ही वाया जातील. मूळ संविधान दुरुस्त्यांसकट छापा. त्याशिवाय आर्टिकल 1 चे सेक्शन 2 ते 4, आर्टिकल 2 चं सेक्शन 1, आर्टिकल 3 मधले मार्बरी आणि राजकीय प्रश्नावरचे निबंध, आर्टिकल 5, आणि चौदावी-पंधरावी दुरुस्ती यांचे निवडक निबंध पुरेत. छापताना तळटिपा आल्या आहेत ना, ते पहिल्या निबंधावर तपासून मगच बाकीच्यांची ऑर्डर द्या. तळटिपा नसलेला निबंध म्हणजे पुन्हा गाइडच. पोर्ट्रेट पानावर दोन्ही बाजूंनी, समासात जागा सोडून. त्या समासात भारताचा समांतर अनुच्छेद पेन्सिलीने लिहायचा: चौदाव्या दुरुस्तीसमोर 14 आणि 21, आर्टिकल 5 समोर 368, पहिल्या दुरुस्तीसमोर 19 आणि 25. उलटवलेल्या निवाड्यांचा तक्ता मात्र छापू नका. न्यायालयाचं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं आणि मोठे निवाडे बहुधा जूनमध्ये येतात, त्यामुळे जुलैत एकदा तो तक्ता मोबाइलवर उघडून छापील निबंधांतली जी नावं मेली असतील त्यांच्यावर काट मारायची.